जाळ्याचा शॉट

“मग त्यात चूक काय आहे?” उन्मेषने विचारलं.

केंभावी मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या.

पडद्यावर चित्र थांबलेलं होतं. एक बाई जमिनीवर बसलेली. मांडीवर मासे धरायचं जाळं, हातात सुई, ओठ किंचित उघडे.

“चूक आहे असं मी म्हटलं का?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही सही केली नाहीत.”

“नाही केली.”

“म्हणजे फिल्म वाईट आहे?”

“चांगली आहे. इथल्या मुलांच्या फिल्म मी इतकी वर्षं बघतेय. त्यांतली बहुधा सगळ्यात चांगली.”

“मग?”

मॅडमनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. काच स्वच्छच होती.

वसुधा केंभावींनी उमेदीची सगळी वर्षं मुंबईत चित्रपटांच्या संकलनात घालवली होती. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा त्या आपल्या जुन्या गावी परत आल्या आणि तिथल्या विद्यापीठाच्या दृक्‌माध्यम विभागात शिकवू लागल्या. शिकवू लागल्या म्हणजे, मुलांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसू लागल्या. मुलं दृश्यं जोडायची, तोडायची, पुन्हा जोडायची. मॅडम बघत राहायच्या. कधी अख्ख्या दुपारीत त्यांच्या तोंडून एखादंच वाक्य निघायचं, आणि ते ऐकून मुलगा केलेलं सगळं मोडून नव्याने बसायचा.

शेवटच्या वर्षाची फिल्म त्यांच्या सहीशिवाय बाहेर जात नसे.

उन्मेष हलगेला त्या सहीची घाई होती.

तो उदगीरचा. वडील शाळेत गणिताचे मास्तर. मुलगा इंजिनिअर होणार हे त्यांनी मुलाला विचारण्याआधीच गावाला सांगून टाकलं होतं. उन्मेषने पहिल्याच वर्षी ते शिक्षण सोडलं आणि कॅमेरा शिकायला इथे आला. तेव्हापासून वडिलांचा फोन यायचा तो जेवणाखाण्यापुरता. पुढे काय करणार, हे ते विचारत नसत. न विचारण्यातच सगळं आलं.

आता मात्र उन्मेषकडे उत्तर होतं. मुंबईचे रेगे म्हणून एक माहितीपट करणारे गृहस्थ विभागात कार्यशाळा घ्यायला आले होते. उन्मेषने त्यांना आपली अर्धीकच्ची फिल्म दाखवली. जाळ्याच्या शॉटपाशी रेगे खुर्चीत पुढे सरकले.

“बाकीची फिल्म शिकून करता येते,” ते म्हणाले होते. “हा शॉट शिकवून येत नाही. पूर्ण कर, पाठव, आणि जूनपासून माझ्याकडे ये.”

त्या दिवसापासून वर्गात त्या शॉटला नाव पडलं. जाळ्याचा शॉट.

“थोडं मागे घे,” मॅडम म्हणाल्या.

उन्मेषने फिल्म मागे घेतली. तीच बाई, होडीच्या काठावर बसून बोलत होती.

“इथे ती कोणाशी बोलतेय?”

“माझ्याशी.”

“हं. आणि इथे? चुलीपाशी?”

“इथेही माझ्याशीच.”

“पुढे जाऊ दे.”

जाळ्याचा शॉट सुरू झाला. बाईचा आवाज आधीच्यापेक्षा खाली आला होता. हात चालू होते.

“जेवून जावा म्हनलं व्हतं. भाकरी तव्यावर हाय म्हनलं, उतरवते. तर न्हाय. घाई. कसली घाई व्हती तुमास्नी? पानी कुटं पळून चाललं व्हतं?”

मॅडमनी हात वर केला. चित्र थांबलं.

“आणि इथे?”

उन्मेषने पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

“आधी बोलताना तिची नजर सारखी तुझ्याकडे येते. इथे एकदाही येत नाही... तू कुठे होतास?”

“तिथेच. दारापाशी.”

“काय करत होतास?”

“केबल गुंडाळत होतो.”

“कॅमेरा चालू असताना?”

खिडकीबाहेर कोणीतरी सायकल स्टँडवर लावली. तिचा आवाज आत आला आणि विरला.

“बंद करायचा राहून गेला,” उन्मेष म्हणाला.

“राहून गेला?”

...

“नाही,” तो म्हणाला.

झालं होतं ते असं.

धरणामागे पसरलेल्या पाण्याच्या, फुगवट्याच्या, काठी मासेमारी करणाऱ्या भोई लोकांची एक वस्ती आहे. तिथे हौसाबाई नगरे एकटी राहते. तिचा नवरा भिवा एका वादळी संध्याकाळी जाळं टाकायला गेला. होडी परत आली, तो आला नाही. नंतर फार खाली, दुसऱ्याच गावाच्या काठाला तो सापडला. तेव्हापासून होडी हौसाबाई चालवते. बाईमाणसाने एकटीने होडी घालणं त्या काठावर कोणी पाहिलेलं नव्हतं. उन्मेषने तिच्यावर फिल्म करायचं ठरवलं आणि पावसाळा संपल्यापासून तिच्याकडे जाऊ-येऊ लागला.

ती मोकळेपणाने बोलायची. वाऱ्याचं सांगायची, माशांचं, व्यापाऱ्याचं. भिवा कसा सापडला तेही तिने सांगितलं, आवाज न हलवता.

मग एका संध्याकाळी उन्मेषने विचारलं, “मावशी, जाताना ते शेवटचं काय बोलले?”

तिचा हात थांबला.

“त्ये नगं,” ती म्हणाली. “बंद कर त्ये, पोरा.”

“बरं, मावशी,” असं म्हणून उन्मेषने कॅमेऱ्यावर हात नेला, आणि कळ न दाबता काढून घेतला. मग केबल हातात घेऊन तो दाराकडे सरला.

कॅमेरा चालू असला की पुढे एक बारीक लाल दिवा लागतो. त्यावर काळी पट्टी चिकटवलेली होती. हे विभागात पहिल्याच वर्षी शिकवतात. दिवा दिसला की माणूस बोलायचं सोडून बोलण्याचं सोंग करतो, म्हणून दिवा झाकायचा.

हौसाबाईने जाळं मांडीवर ओढलं आणि ती बोलू लागली. उन्मेषशी नव्हे.

मॅडमनी हे सगळं ऐकून घेतलं.

“पण मॅडम, तो शॉट खरा आहे,” उन्मेष म्हणाला. “अख्ख्या फिल्ममध्ये तेवढाच खरा आहे. तुम्हीच आम्हाला सांगितलंत, खरं असेल ते पकडा.”

“पकडा म्हटलं होतं मी?”

उन्मेषने आठवून पाहिलं.

“बघा म्हणाला होतात.”

“हं.”

“आणि ती पट्टी तुम्हीच लावायला शिकवलीत.”

“शिकवली,” मॅडम म्हणाल्या. “दिवा झाकायला.”

...

“तिला दाखवलीस फिल्म?”

“नाही.”

“दाखव.”

“आणि ती नको म्हणाली तर? मॅडम, रेगेसरांना महिनाअखेरीला पाठवायची आहे.”

मॅडमनी पडदा बंद केला. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि त्याच्यासाठी दार उघडून धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने उन्मेष निघाला. वाटेत त्याने मनाशी वाक्यं जुळवली. मावशी, ही फिल्म तुमच्यामुळेच झालीय. मावशी, हा तुमच्या मालकांचा मान आहे. मावशी, तुमचं दुःख लोकांपर्यंत पोचलं पाहिजे. प्रत्येक वाक्य त्याला चांगलं वाटलं.

फाट्यावर उतरून तो जीपने वस्तीवर पोचला तेव्हा उन्हं चढली होती. उन्हाळ्याने पाणी बरंच मागे नेलं होतं. मागच्या खेपेला जिथे होड्या बांधलेल्या असायच्या तिथे आता भेगाळलेला गाळ होता, आणि त्यावर कोणी कोणी कलिंगडं लावली होती.

हौसाबाई दारातच मासे निवडत बसली होती.

“आलास व्हय रं,” ती म्हणाली. “पिच्चर झाला?”

“झाला, मावशी. तुम्हाला दाखवायला आणलाय.”

“मला? बया. बस, च्या टाकते.”

तिने हात धुतले, कोरा चहा केला, आपला कप बशीत ओतला. उन्मेषने माशांच्या थर्माकोलच्या खोक्यावर लॅपटॉप ठेवला. दार लोटून घेतलं. अंधार झाला तशी ती सावरून बसली, पदर डोक्यावर घेतला.

आधी तिला स्वतःला बघून हसू आलं.

“अशी चालते व्हय मी? बदकावानी.”

मग होडी आली, पाणी आलं, व्यापाऱ्याशी घातलेली हुज्जत आली. ती मान डोलवत राहिली. “बराबर बोलले का न्हाय त्याला?” तिने मध्येच विचारलं.

“बरोबर बोललात.”

आणि मग जाळ्याचा शॉट आला.

उन्मेषने पडद्याकडे पाहिलं नाही. तो तिच्याकडे बघत राहिला. तिचा चेहरा हलला नाही. फक्त बशी तिने खाली ठेवली.

“ह्ये कवाचं?”

“तुम्ही बंद कर म्हणालात ना... त्यानंतरचं.”

“तू बंद क्येलं न्हाईस.”

“नाही.”

“म्या समजले तू भाईर गेलास.”

जुळवून आणलेल्या वाक्यांतलं एकही त्याला आठवेना.

“चुकलं माझं, मावशी.”

बाहेर एक कोंबडी दाराशी टोचत होती.

“परत लाव,” ती म्हणाली.

त्याने परत लावला.

“आनिक.”

त्याने आणखी एकदा लावला. ती पुढे झुकून ऐकत होती, बघत नव्हती.

“आवाज म्हातारा झालाय माजा,” शेवटी ती म्हणाली. “त्यांनी ऐकला तर वळखायचे न्हाईत.”

“तुम्ही नेहमी बोलता का त्यांच्याशी?”

“सांजच्याला. जाळं घेतलं की.” तिने पदराचं टोक चाळवलं. “आख्ख्या वस्तीला ठाव हाय. त्या वक्ताला कुनी हिकडं येत न्हाई.”

...

“काढून टाकू का तेवढं?” उन्मेषने विचारलं. “तुम्ही म्हणाल तसं.”

“तुजं शिक्षान ह्याच्यावर हाय न्हवं?”

“हो.”

“आनि नोकरी?”

“तीही.”

“मंग असू दे की. ऱ्हाऊ दे.”

उन्मेषने श्वास सोडला. मग त्याला आणखी एक गोष्ट सुचली. त्याने खिशातून फोन काढला.

“मावशी, तेवढं यात बोलता का? म्हणजे पुढे कोणी विचारलं तर...”

तिने फोनकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

“असू दे म्हनले मी,” ती फोनला म्हणाली.

दुपारची जीप भरून गेली. पुढची संध्याकाळी होती. हौसाबाईने त्याला भाकरी आणि माशाचं कालवण वाढलं, वाढताना आग्रह केला. पिच्चर कुठं लागणार, किती माणसं बघणार, तिथे बाया येतात का, हे सगळं विचारलं. रागाचं कुठे नाव नव्हतं. उन्मेषला वाटलं, मॅडम उगाच घाबरवत होत्या. आपण विचारलं, तिने दिलं, इतकं ते सोपं होतं.

उन्हं कलली. तो दाराबाहेरच्या दगडावर जीपची वाट बघत बसला. आत हौसाबाईने भांडी पालथी घातली, खुंटीवरचं जाळं काढलं आणि आपल्या जागेवर बसली.

दार उघडंच होतं. ती त्याला दिसत होती.

तिने फाटलेली जागा शोधली. सुईत दोरा ओवला. एक गाठ मारली.

“आवं...” ती हळू आवाजात म्हणाली.

आणि थांबली.

तिने मान वर केली. ती समोरच्या कोपऱ्याकडे बघत होती. त्या कोपऱ्यात उन्मेषचा कॅमेरा तिवईवर उभा असायचा. आता तिथे पाण्याची घागर होती, आणि घागरीवर झाकण.

ती बराच वेळ तिकडे बघत राहिली.

मग तिने मान खाली घातली आणि जाळं सांधू लागली. न बोलता.

उन्मेष वाट बघत राहिला. आता बोलेल, ही गाठ झाली की बोलेल. ती गाठ झाली, पुढची झाली. एकदा तिचे ओठ हलले आणि नजर पुन्हा कोपऱ्याकडे गेली. तिने जाळं अर्धवटच गुंडाळलं आणि खुंटीला लावलं.

खालून जीपचा हॉर्न ऐकू आला.

“येतो, मावशी.”

“ये रं,” ती दारात येऊन म्हणाली. “पिच्चर लागला की कळीव. नवं लुगडं नेसून येते.”

परत आल्यावर उन्मेष मॅडमकडे गेला नाही.

तो विभागातल्या संकलनाच्या खोलीत जाऊन बसे. परवानगी फोनमध्ये होती. ती तो कानाला लावून ऐके. असू दे म्हनले मी. आवाज स्वच्छ होता, शब्द स्पष्ट होते. मग तो जाळ्याचा शॉट लावे, आणि शॉट पुढे सरकू लागला की त्याला हौसाबाई दिसत नसे. तिच्या समोरचा कोपरा दिसे, जो चित्रात नव्हताच.

एका दुपारी त्याने तो शॉट कापला.

फिल्म आता आधीच संपत होती, काठाला लावलेल्या रिकाम्या होडीवर. त्याने ती तशीच रेग्यांना पाठवली.

रेग्यांचा फोन त्याच संध्याकाळी आला.

“शॉट कुठे गेला?”

“काढला, सर.”

“का? बाई नको म्हणाली?”

“नाही. ती असू दे म्हणाली.”

“मग?”

उन्मेषला सांगता येईना. त्याने कोपऱ्याचं सांगायचा प्रयत्न केला. सांगताना त्याचं त्यालाच ते पोरकट वाटू लागलं. एक बाई घागरीकडे बघत होती, एवढंच तर होतं.

“हे बघ,” रेगे शांतपणे म्हणाले, “या धंद्यात उरायचं तर स्वतःचेच हात कापून चालत नाही. ती हो म्हणतेय आणि तू नाही म्हणतोयस. अशी बिनशॉटची फिल्म कोणीही करतं. मला कोणीही नको होतं.”

जूनचं बोलणं तिथेच संपलं.

रविवारी वडिलांचा फोन आला. या वेळी त्यांनी विचारलं. मुंबईचं काय झालं, कधी निघायचंय, राहायची सोय काय.

“नाही जमलं, आप्पा.”

उन्मेष बोलणी ऐकायच्या तयारीने फोन धरून राहिला.

“बरं,” वडील म्हणाले. “जेवलास का?”

त्यानंतर उन्मेषने आणखी एक गोष्ट केली. मूळ चित्रीकरण अजून हार्ड डिस्कवर होतं. एक प्रत लॅपटॉपवर होती. त्याने दोन्हीकडचा जाळ्याचा शॉट पुसून टाकला. कायमचा, परत आणता येणार नाही असा. पुसला जात असताना तो पडद्यासमोर ताठ बसून होता. झाल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणात थोडा गोडवाही होता. इतकं मोठं काही आपल्या वर्गात कोणी सोडलं नसेल, असं त्याच्या मनात आलं. मॅडमना सांगितलं तर त्या काय म्हणतील, याचा विचार करत तो वसतिगृहाच्या पायऱ्या उतरला.

मॅडम खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी नवी फिल्म पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. रिकामी होडी आली, पडदा काळा झाला.

त्यांनी पेन घेतलं आणि सही केली.

उन्मेष उभाच राहिला. त्याला वाटलं होतं, सहीबरोबर काहीतरी येईल. एखादा शब्द.

“झालं, मॅडम,” शेवटी तोच म्हणाला.

“काय झालं?”

“सगळंच. शॉट काढला. रेगेसरांकडची नोकरी गेली. मूळ फुटेजसुद्धा पुसलं. कुठेच ठेवलं नाही.”

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

“ती काय म्हणाली होती?”

“असू दे म्हणाली होती.”

“मग पुसायचं कोणाला विचारलंस?”

उन्मेषला हौसाबाईचं बोलणं आठवलं.

परत लाव, असं ती म्हणाली होती. आनिक, असं म्हणाली होती. पुढे झुकून ऐकत होती.

“विचारलं नाही,” तो म्हणाला.

“घेतानाही नाही.”

“नाही.”

...

तो खुर्चीत बसला. मघाचा हलकेपणा कुठे गेला ते त्याला कळलं नाही. बऱ्याच वेळाने तो बोलू लागला तेव्हा त्याचा आवाज वर्गात ओळखीचा होता तसा नव्हता.

“मॅडम, एक तुम्हाला सांगायचं राहिलंय. म्हणजे... राहिलं नाही. मी सांगितलं नाही.”

“सांग.”

“त्या दिवशी संध्याकाळी ती जाळं घेऊन बसली. त्यांच्याशी बोलायला लागली, आणि मध्येच थांबली. कोपऱ्याकडे बघत राहिली. मग बोललीच नाही. मी जीप येईपर्यंत बसलो होतो. ती नाही बोलली.”

मॅडम ऐकत होत्या.

“मला रोज वाटतं, आता तरी बोलत असेल. आज बोलली असेल. पण मला माहीत नाही.”

“कोपऱ्यात काय होतं?”

“काही नाही. पाण्याची घागर.”

“नीट आठव.”

“घागरच होती, मॅडम. झाकण घातलेली.”

“तिला काय दिसत होतं?”

उन्मेषने डोळे मिटले. बाहेर तास संपल्याची घंटा झाली. जिन्यावरून मुलं बोलत, हसत खाली गेली. कोणाच्या तरी हातातली तिवई कठड्याला घासत गेली. मग पुन्हा शांत झालं.

“कॅमेरा,” तो म्हणाला.

त्याने डोळे उघडले.

“पण कॅमेरा मी त्या आधीच काढला होता तिथून. परत आणून विभागात जमासुद्धा केला. पावती आहे माझ्याकडे.”

मॅडमनी सही केलेला कागद त्याच्या हातात दिला. मग त्याचा हात तसाच धरून ठेवला.

“नाही, उन्मेष,” त्या म्हणाल्या. “तो अजून तिथेच आहे. जा, घेऊन ये.”